खाडीतून पोकलेन आणि पायलिंग रिग न्यायची आहे? आधी उतरण्याची जागा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका कंत्राटदाराला उल्हासच्या खाडीकाठी, भिवंडीच्या बाजूच्या खाजणात विजेच्या टॉवरच्या पायांचं काम मिळालं आहे. जागेपर्यंत रस्ता नाही. आधी भातखाचरं, मग खारफुटी. २२ टनांचं पोकलेन, ६० टनांची पायलिंग रिग (पायाच्या खोल खांबांसाठी, म्हणजे पाइलसाठी, जमिनीत भोकं पाडणारं यंत्र), जनरेटर आणि काँक्रीट कालवणारा छोटा बॅचिंग प्लांट तिथे न्यायचा आहे. पाण्यातून अंतर तीन-चार किलोमीटर. त्यांनी विचारलंय की बार्ज (यंत्र वाहून नेणारा सपाट तळाचा तराफा) केवढा घ्यावा, भाडं कसं ठरवावं, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा भराव टाकून रस्ता केलेला बरा नाही का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भराव टाकू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवताना खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला. सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) मंजुरी वेगळी. 'काम झालं की काढून टाकू' असं म्हणत टाकलेला मुरूमसुद्धा यात येतो. टॉवरच्या मूळ परवानगीत तुमच्या उतरण्याच्या जागेचा, तात्पुरत्या रॅम्पचा आणि यंत्र जाण्याच्या वाटेचा उल्लेख आहे का, हे काम देणाऱ्याकडून लेखी मागून घ्या. नसेल तर तो आधी करून घेणं त्यांचं काम आहे, आणि ते होईपर्यंत बार्जवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. कायद्याचं सोडा, भरावाने होणारं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भरतीचं पाणी एका बाजूला अडतं, आणि जिथे ते पोचत नाही तिथली खारफुटी जागच्या जागी वाळत जाते. मग भराव काढला तरी ती सहज परत येत नाही.

आता मूळ विषय. तुम्ही बार्जबद्दल विचारलंत, उतरण्याच्या जागेबद्दल काहीच विचारलं नाहीत. खाडीतल्या वाहतुकीत पाण्यावरचा प्रवास सगळ्यात सोपा असतो. यंत्रं रुततात, कलंडतात, अडकून पडतात ती चढवताना आणि उतरवताना. म्हणून आखणी उलट्या टोकाकडून करा. यंत्र कामाला कुठे उभं राहणार, तिथवर कोणत्या वाटेने जाणार, बार्जवरून कुठे उतरणार, त्या जागी पाणी किती वेळ असतं, तेवढ्या पाण्यात कोणता बार्ज बसतो, आणि सगळ्यात शेवटी, तो भरायचा कुठे. बहुतेक जण आधी बार्ज ठरवतात, कारण त्याचा फोन नंबर हाताशी असतो.

गाळापासून सुरुवात करू. २२ टनांच्या पोकलेनच्या दोन्ही चेन मिळून जमिनीला साधारण सव्वाचार चौरस मीटर टेकतात. म्हणजे चौरस मीटरला पाच टनांच्या वर भार. आपल्या खाडीकाठचा वरचा गाळ बऱ्याच ठिकाणी इतका मऊ असतो की चौरस मीटरला अडीच टनांच्या आसपासच तो ढळतो. गणित इथेच संपतं. पोकलेन रॅम्पवरून उतरलं की दोन-तीन मीटरवर पोटापर्यंत बसणार, आणि ऑपरेटर बकेट टेकवून बाहेर यायची धडपड करेल तितकं आणखी खाली जाणार.

त्यामुळे काठाची तपासणी स्वतः करा. ओहोटीला छोट्या होडीने जा, दहा-बारा फुटांची लोखंडी सळई घेऊन जा, आणि उतरण्याच्या पट्ट्यात दर दोन-तीन मीटरवर ती हाताने दाबून बघा. एका माणसाच्या जोराने सळई मीटर-दीड मीटर सरळ आत जाते तिथे यंत्र नेणं सोडा. जिथे टणक लागतं, रेती लागते, खडक लागतो, ती जागा खुणेची काठी रोवून ठेवा. या खाडीत कडक जागा शोधायची तर जुनी रेतीबंदरं बघा. पूर्वी जिथे रेतीच्या बोटी लागत आणि ट्रक भरत, तिथे वर्षानुवर्षांची रेती आणि खडी दबून बसलेली असते. गावातल्या वयस्कर माणसांना अशा जागा माहीत असतात, नकाशात त्या सापडत नाहीत.

टणक जागा नसेल तर भार पसरवावा लागतो. २५ मिलिमीटरच्या, ६ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पोलादी (एमएस) प्लेटा वापरा. एक प्लेट पावणेदोन टनांची होते, हे बार्जच्या वजनात धरा. दोन प्लेटांवर पोकलेन उभं केलं तर भार चौरस मीटरला सव्वा टनाच्या घरात येतो. प्लेट वाकते, त्यामुळे भार कागदावर दिसतो तितका सारखा पसरत नाही. म्हणून मी प्लेटेखाली आडवे लाकडी स्लीपर किंवा जाड ओंडके घालतोच. पोकलेनला स्वतःच्या बकेटने मागची प्लेट उचलून पुढे ठेवता येते, तशी ते आपली वाट आपणच करत जातं. त्याला सहा प्लेटा पुरतात. रिगला मात्र हे जमत नाही. तिच्यासाठी संपूर्ण वाट आधी अंथरून ठेवावी लागते, आणि ते काम आधी उतरलेलं पोकलेन करतं. म्हणून पहिल्या खेपेला पोकलेन, प्लेटा आणि स्लीपर. रिग नंतरच्या खेपेला.

काठाचा प्रश्न किती जड असतो याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे अटल सेतू. तिथे खोल पाण्यातले पोलादी गाळे बार्जवरून नेऊन बसवले. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यात बार्जचा उपयोग नव्हता, म्हणून तिथे आधी लोखंडी तात्पुरता पूल बांधून त्यावरून यंत्रं चालवली. एवढी साधनं हाताशी असूनही चिखलाच्या पट्ट्यापुढे वेगळी वाट काढावी लागली. दुसरं उदाहरण लांबचं आहे. त्रिपुरातल्या पालाटाणा वीजप्रकल्पाची अजस्र यंत्रं २०११ साली बांगलादेशातल्या आशुगंज बंदरापर्यंत नदीने आली. नदीचा भाग पार पडला. पुढच्या रस्त्यावरचे पूल मात्र ते वजन पेलणारे नव्हते, म्हणून शेजारून वळणरस्ते केले गेले. त्यातला एक भराव तितास नदीच्या पात्रात पडला आणि त्यावरून तिथे मोठा वाद झाला. शेवटचा टप्पा आधी सोडवला नाही की त्याची किंमत नदी भरते.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला कंत्राटदार कचरतात. ६० टनांची रिग खरंच हवी आहे का? टॉवरच्या चार पायांना मिळून किती पाइल आहेत, व्यास केवढा, खडक किती खोल? पाइल थोडे असतील, व्यास सहाशे-साडेसातशे मिलिमीटरचा असेल, तर त्रिपाई आणि विंचवर बेलर-चिझलने (माती उपसणारा नळा आणि खडक फोडणारी जड छिन्नी दोराने वर-खाली करून) काम होऊ शकतं. ते सामान सुटं होतं, एकेक तुकडा हलका असतो, छोट्या बार्जवर जातं. वेळ जास्त लागतो, खडकात चिझलिंग रेंगाळतं, हे खरं. पण रिगसाठी मोठा बार्ज, मोठा टग (बार्ज ओढणारी बोट), पूर्ण अंथरलेली वाट आणि उधाणाची वाट पाहण्यातले दिवस, हे सगळं एका कागदावर मांडून मगच ठरवा. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला त्यात घ्या. रिगच न्यायची ठरली तर काउंटरवेट (मागचं तोल धरणारं वजन) काढून वेगळं न्या, मास्ट (रिगचा उभा खांब) पूर्ण आडवा करा, आणि निघताना असलेलं खरं वजन काट्यावर करून घ्या. माहितीपत्रकातलं वजन आणि केसिंग (भोकात घालायची नळी), केली बार (टूल फिरवणारा दांडा), टूल यांच्यासकटचं वजन यात खूप फरक असतो.

आता पाणी. भरतीची ढोबळ वेळ काढायची कोळ्यांची रीत तुम्हाला माहीत असेलच, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ही वेळ उघड्या किनाऱ्याची. ठाण्याच्या आत पाणी उशिरा चढतं, आणि उल्हासच्या खाडीत तर भरती वसईच्या तोंडातूनही येते आणि ठाण्याच्या खाडीतूनही. दोन्हीकडची पाणी जिथे भेटतात तिथे प्रवाहाची दिशा पुस्तकात वाचून कळत नाही. मुंबईतल्या अपोलो बंदरचं भरतीचं कोष्टक घ्या, पण त्यावर बार्ज हलवू नका. उतरण्याच्या जागी सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी रोवा, तिथे माणूस बसवा, आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) आणि उधाण दोन्ही येतील असा एक पंधरवडा पाण्याची नोंद करून घ्या. अपोलो बंदरपेक्षा तुमच्या जागी पाणी किती मागे आणि किती कमी-जास्त, हा आकडा त्यातून मिळतो. तो विकत मिळत नाही.

इथे एक घोळ फार वेळा होतो. भरतीच्या कोष्टकातलं शून्य आणि तुमच्या ड्रॉइंगवरचं शून्य वेगळं असतं. ड्रॉइंगवरच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात. कोष्टकाचं शून्य मुंबईत तिच्यापेक्षा सुमारे अडीच मीटर खाली आहे. सर्व्हेअरने दिलेली पातळी आणि कोष्टकातली भरती थेट जोडली की अडीच मीटरची चूक होते, आणि खाडीत अडीच मीटर म्हणजे सगळंच. सर्व्हेच्या कागदावर कोणतं शून्य धरलंय हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

वेळेचा हिशोब कसा बदलतो ते बघा. समजा त्या दिवशी पाणी १ मीटरपासून ४.२ मीटरपर्यंत चढणार आहे, आणि टग-बार्जला मिळून तळापासून दीड मीटर पाणी हवं. तळ कोष्टकाच्या शून्यापासून दीड मीटरवर असेल तर भरतीच्या अलीकडे-पलीकडे मिळून पाच तासांची सवड मिळते. तळ अडीच मीटरवर असेल तर फक्त दोन तास. एका मीटरच्या गाळाने निम्म्याहून जास्त वेळ खाल्ला. दोन तासांत बार्ज लावायचा, दोर बांधायचे, रॅम्प टाकायचा, यंत्र सोडवायचं, उतरवायचं आणि मागे फिरायचं, हे मी कुणालाही करायला सांगणार नाही.

मोठं पाणी हवं म्हणून पौर्णिमेचा किंवा अमावास्येचा दिवस धरावा, असं सगळ्यांना वाटतं. माझं मत उलटं आहे. उधाण चढत असताना जा, म्हणजे एकादशी-द्वादशी-त्रयोदशीला. त्या दिवशी पाणी पुरत असेल तरच ती जागा तुमची. काही कारणाने बार्ज गाळात बसलाच, तर पुढचे दोन-तीन दिवस भरती वाढत जाणार असते आणि तो उठतो. उधाणाच्या ऐन शिखरावर, म्हणजे पौर्णिमेनंतर एखाद-दुसऱ्या दिवशी, सगळ्यात वरच्या पाण्याला बार्ज टेकवला तर पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा कमी. याच खाडीत एका कंत्राटदाराचा बार्ज असा बसलेला मी पाहिला आहे. पुढच्या उधाणापर्यंत तो चिखलात पडून होता, टगचं भाडं चालू, वरचं यंत्र भिजत, आणि खलाशी कंटाळून निघून गेलेले.

हिवाळ्यात आणखी एक अडचण. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दुपारी येते, हिवाळ्यात ती मध्यरात्रीकडे सरकते आणि दुपारची तिच्यापेक्षा लहान राहते. तुमचं काम नोव्हेंबर ते मे मध्येच होणार, म्हणजे सगळ्यात चांगलं पाणी अंधारात येणार. रात्री यंत्र उतरवायचा मोह टाळा. दुपारच्या लहान भरतीवर जमेल असा उथळ बार्ज आणि अशी जागा शोधा. रात्रीचं पाणी फक्त रिकामा बार्ज बाहेर काढायला वापरा.

आता बार्ज कुठून येणार? मुंबई बंदराच्या किंवा धरमतरच्या बाजूचे मोठे बार्ज ठाण्याच्या खाडीतून वर येऊन उल्हासला लागतील असं समजू नका. कळव्याकडे पात्र अरुंद, पाणी उथळ आणि पूल ठेंगणे आहेत. मग समुद्राला वळसा घालून वसईच्या तोंडातून, भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून आणि घोडबंदरच्या पुलाखालून यावं लागतं. राष्ट्रीय जलमार्ग ५३ असं नाव २०१६ पासून या पाण्याला आहे, पण त्यामुळे प्रत्येक वळणावर खोली आहे असं होत नाही. पुलाखालून जाताना पाणी कमी हवं आणि उथळ जागेवरून जाताना जास्त, ही ओढाताण प्रत्येक खेपेला सोडवावी लागते. वरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा त्याहून घातक. कळव्याच्या वीज उपकेंद्राकडे जाणाऱ्या किती तरी तारा खाडी ओलांडतात. मास्ट किंवा बूम आडवी असल्याशिवाय तारेखालून जायचंच नाही.

तुमच्या कामाला मला सुटे पाँटून (तरंगते पोलादी डबे) जास्त योग्य वाटतात. ट्रेलरवर येतात, काठावर क्रेनने पाण्यात सोडून पिनांनी जोडता येतात, हवी तेवढी लांबी-रुंदी होते. क्रेनला उभं राहायला पक्की जागा लागते एवढंच.

मोजमापाचा अंदाज यावा म्हणून ३० मीटर लांब, १० मीटर रुंद, २ मीटर खोल सपाट बार्ज धरू. दर तीन टनांना तो एक सेंटिमीटर बसतो. रिकाम्याचं वजन ११० टन असेल तर सुमारे ३७ सेंटिमीटर पाण्यात असतो. ६० टनांची रिग मधोमध उभी केली की आणखी २० सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम ५७, काहीच नाही असं वाटतं. पण तीच रिग चढताना टोकापासून दोन मीटरवर असते तेव्हा ते टोक सुमारे ७० सेंटिमीटर खाली जातं आणि पलीकडचं टोक ३० सेंटिमीटर वर उचललं जातं, जवळजवळ पाण्याबाहेर. रॅम्पचा उतार यंत्र त्यावर असतानाच बदलतो. टोकाखाली मीटरभर पाणी नसेल तर ते टोक तळाला टेकतं, आणि खाली दगड असेल तर पत्र्याला भोक पडतं. भाडं ठरवण्याआधी हे गणित बार्जच्या खऱ्या मापांनी नौकाशास्त्राच्या माणसाकडून करून घ्या. रुंदीत कंजूषी करू नका. बुडालेली खोली तेवढीच असेल तर रुंदी दुप्पट झाल्यावर तोल धरायची ताकद चौपट होते.

बार्ज बघायला जाल तेव्हा रंग बघू नका, टाक्यांची झाकणं उघडायला लावा. आत पाणी असेल तर ते उपसून दुसऱ्या दिवशी परत बघा. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी बार्ज कलला की कललेल्या बाजूला धावतं आणि तोल आणखी बिघडवतं. डेकची प्रति चौरस मीटर भारक्षमता लेखी मागा. रिगच्या चेनखाली सरासरी आठ टनांच्या वर भार येतो आणि पुढच्या टोकाला त्याहून जास्त, म्हणून डेकवर स्लीपरचा थर लागतोच. त्याचा दुसरा फायदा असा की लोखंडावर लोखंड चिखलाने ओलं झालं की यंत्र घसरतं, लाकडावर ते धरतं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची नोंदणी आणि चालू सर्व्हे प्रमाणपत्र नसेल तर तिथूनच परत फिरा.

चढवताना माझे काही हट्ट आहेत. रॅम्पचा उतार सहा मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको. रॅम्पवर यंत्राचं वरचं धड फिरवायचं नाही, थांबायचं नाही, चेन वळवायच्या नाहीत. सरळ रेषेत, सगळ्यात हळू गिअरला. रॅम्पच्या माथ्यावर यंत्र झुलतं आणि एकदम पुढे आदळतं, तिथे बकेट जमिनीपासून हातभर वर ठेवून तोल घ्यायचा. ऑपरेटरशिवाय यंत्रावर कुणीही नाही, केबिनचं दार उघडं अडकवलेलं, शेजारी माणसासकट होडी तयार. इशारा देणारा एकच माणूस. मालक, मुकादम, इंजिनिअर सगळे ओरडू लागले की ऑपरेटर गोंधळतो.

आणि दोर. खाडीतल्या कामात ताणलेला दोर तुटून माणूस दगावतो. बार्जवर २२ टन चढतात तेव्हा बांधलेल्या दोरांवर एकदम ताण येतो. दोराच्या रेषेत आणि तो तुटून जिथवर झेपावेल त्या पट्ट्यात कुणीही उभं राहायचं नाही, चहा द्यायला आलेला पोरगासुद्धा नाही. डेकवर तो पट्टा रंगाने आखून ठेवा. जुने, गाठी मारलेले दोर परत पाठवा.

यंत्र डेकवर आलं की मधोमध, बूम खाली, बकेट टेकलेली, फिरण्याचं लॉक लावलेलं, चारही कोपऱ्यांना चेन आणि ती ताणायला टर्नबकल. 'खाडीत लाटा कुठे असतात' असं म्हणून चेन न लावणारे भेटतील. बार्ज गाळावर अडखळला की बसणारा हिसका लाटेपेक्षा वाईट असतो.

उतरवण्याच्या बाबतीत पोकलेन तरंगत्या बार्जवरून उतरवायला माझी हरकत नाही. रिग मात्र बार्ज ओहोटीबरोबर पूर्ण टेकल्यावरच उतरवा, म्हणजे टोक खाली-वर व्हायचा प्रश्न उरत नाही. त्यासाठी बार्जखालचा तळ आदल्या ओहोटीला चालून बघायचा, दगड, खुंट, जुने पाइप काढायचे. गाळ बार्जला धरून ठेवतो, पुढच्या भरतीला तो लगेच उठत नाही. टगने एका कोपऱ्यातून ओढायची तयारी ठेवा.

परवानग्यांमध्ये महाराष्ट्र सागरी मंडळ आणि वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष हे दोन दरवाजे आधी. एखादा छोटा बार्ज ठाण्याच्या खाडीतून येणार असेल तर ऐरोली ते वाशी पुलांच्या दरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं, आणि खाडीला २०२२ पासून रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही आहे. पक्षी इथे असतात तोच तुमचा कामाचा हंगाम. वनखात्याशी बोलल्याशिवाय त्या बाजूने फिरकू नका. भाईंदर-वसई रो-रोच्या (गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीच्या) धक्क्यावरून रिग चढवू, असाही विचार कुणी सुचवेल. गाड्यांसाठी बांधलेला धक्का चेनवरचे ६० टन घेईल का, हे त्याच्या डिझाइनच्या कागदावरूनच ठरेल.

कोळीवाड्यांकडे परवानगी म्हणून बघू नका. खाडी त्यांचं शेत आहे. तुमच्या मार्गावर डोल जाळी कुठे लागतात, खुंट कुठे रोवलेत, कोणत्या तिथीला कोण पाण्यात असतं, हे जाऊन विचारा. एक जाळं टगच्या पंख्यात गेलं तर त्या घराचा हंगाम जातो. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी मच्छीमारांच्या भरपाईचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०२१ साली न्यायालयाने भरपाईच्या बाजूने निर्देश दिले. तुमचं काम लहान असलं तरी भरपाईची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी धरा. आणि स्थानिक तांडेलाला (होडीच्या नाखव्याला) पगारी वाटाड्या म्हणून टगवर घ्या. गाळाची वाट दर पावसाळ्यात बदलते. यंदाची वाट त्यालाच ठाऊक असते.

भाड्याबद्दल. दर गावोगाव वेगळा, तो मी सांगत नाही. करारात तीन गोष्टी लिहा. भरती चुकली तर थांबण्याच्या दिवसाचा दर काय आणि तो कोण देणार. बार्ज गाळात बसला तर टगचं भाडं चालू की बंद. आणि परतीची खेप त्याच दरात आहे की नाही. विम्याचं पान नीट वाचा. कंत्राटदारांच्या यंत्रांच्या नेहमीच्या पॉलिसीत भरती-ओहोटीच्या पाण्यात यंत्र बुडाल्याचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. चढवण्यापासून उतरवण्यापर्यंतचा वेगळा विमा आणि काठावर उभ्या यंत्रासाठी जादा कलम, दोन्ही घ्या. उधाणाच्या रात्री काठावरचं पोकलेन पाण्यात गेलं तर मूळ पॉलिसी हात वर करेल.

काँक्रीटचा विचार यंत्रांबरोबरच करा. ठाण्यातून मिक्सर बार्जवर टाकून आणायचा बेत असेल तर आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट ओतायचं असतं. रिटार्डर (घट्ट होणं लांबवणारं रसायन) घालून ते वाढवता येतं, पण भरती कुणासाठी थांबत नाही. तुम्ही जागेवर बॅचिंग प्लांट नेताय ते बरोबर आहे. मात्र गोड्या पाण्याच्या टाक्याही न्या. आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं, खाडीचं पाणी त्याच्या कितीतरी पुढे असतं. तेच गोडं पाणी रोज संध्याकाळी यंत्र धुवायलाही लागेल, नाहीतर पिना आणि होजची टोकं एका हंगामात खाऊन जातात.

परतीची तारीख आजच ठरवा, आणि ती मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या चढत्या उधाणाला धरा. जूनमध्ये उल्हासला डोंगरातलं पाणी येतं तेव्हा ओहोटीचा ओढा टगला जुमानत नाही. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती. मेच्या शेवटच्या उधाणावर भिस्त ठेवली आणि ते चुकलं, तर यंत्र पावसाळाभर खाजणात. काम अर्धं राहिलं असलं तरी त्या तारखेला रिग बाहेर काढा. उरलेले पाइल पुढच्या हंगामात होतील.